गेरूची सायकल

घाटाच्या पायथ्याशी एक बाजारगाव होतं. त्या गावात एकेकाळी एक वृद्ध कारागीर राहत असत. ते नव्या सायकली विकत नसत. माणूस येई, बाकावर बसून आपली अडचण सांगे, आणि ते जुन्या नळ्या कापून, पितळेचा जोड देऊन, त्या माणसापुरती सायकल घडवीत. दूधवाल्याची वेगळी, टपालवाल्याची वेगळी, एका हाताने अधू असलेल्या शिंप्याची आणखी वेगळी. गाव त्यांना वस्ताद म्हणे. त्यांचं बोलणं थोडं, आणि तेही सावकाश. आज विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कधीकधी उद्या मिळे.

त्यांच्यापाशी केरबा नावाचा एक शिष्य होता. हात चांगला, नजर चांगली, पण स्वभाव भारी काळजीचा. दुकानाला कुलूप लावून तो कोपऱ्यापर्यंत जाई आणि परत फिरून कुलूप ओढून पाही. नवी सायकल कुणी घेऊन गेलं की त्याच्या डोळ्यांपुढे तिची चाकं निखळू लागत. वस्ताद त्याला रागावत नसत. "काळजी वाईट नसते," एवढंच म्हणत, "पण तिला कामाला लावावं लागतं. मोकळी सोडली की ती घर खाते."

एके दिवशी शेवंता नावाची एक बाई दुकानात आली. लहानपणच्या आजारात तिचा डावा पाय चार बोटं आखूड राहिला होता. घाटमाथ्यावरच्या आश्रमशाळेत तिला स्वयंपाकाचं काम लागलं होतं. उजाडायच्या आत तिथली चूल पेटवायची, कारण पोरं न्याहारी करून वर्गात बसत. पहिली एसटी मात्र उन्हं वर आल्यावर सुटे. काही दिवस ती दुधाच्या टेंपोला हात करून गेली. कधी टेंपो थांबे, कधी थांबत नसे. थांबला नाही त्या दिवशी चूल उशिरा पेटली, पोरं उपाशी वर्गात बसली, आणि शाळेने तिला बजावलं, की अजून तुम्ही महिनाभर परीक्षेवर आहात, पुन्हा उशीर झाला तर चूल दुसरीच्या हाती देऊ. घरात म्हातारी सासू आणि दोन लेकरं. मिळवतं माणूस तेवढं एकच.

"सायकल येते का?" वस्तादांनी विचारलं.

"भावाच्या सायकलीवर शिकले. एकाच पायानं मारायची," शेवंता म्हणाली. "दुसरा नुसता सोबतीला."

वस्तादांनी तिची मापं घेतली. बसल्यावर गुडघा कुठे येतो, हात कुठवर पोचतो, डावा पाय पायडलला टेकायला किती कमी पडतो, सारं पाहिलं. मग सांगाडा त्यांनी स्वतः जोडायला घेतला आणि बाकीचे भाग जमवायचं काम केरबाकडे दिलं.

केरबाची झोप उडाली. तो चढ त्याला ठाऊक होता. धडधाकट गडी तिथे धापा टाकतात, ही बाई कशी चढणार? तो जिल्ह्याच्या जुन्या बाजारात गेला, भंगाराचे ढीग उपसले आणि एका परदेशी सायकलचा गिअर शोधून आणला. वाटेत सामान सांडलं तर, म्हणून जाड सळ्यांचं कॅरिअर आणलं. त्यावर बसवायला वेताची टोपली आणली. सायकल कलंडली तर, म्हणून दोन पायांचं स्टँड आणलं. मनात एक शंका आली की बाकाखालच्या मोठ्या पेटीत एक वस्तू पडे. पेटी एवढी जड झाली की ती उचलायला दोघे लागले असते.

सायकल न्यायचा दिवस आला. डाव्या पायडलवर बाभळीचा ठोकळा बसला होता. लुगडं अडकू नये म्हणून वस्तादांनी चेनवर पुरतं झाकण चढवलं होतं आणि मागच्या चाकाला जाळी लावली होती. दोन्ही ब्रेक त्यांनी स्वतः ओढून पाहिले, दिवा लावून पाहिला. केरबाने पेटी पुढे सरकवली आणि हिरव्या रंगाचा डबा उघडला.

वस्तादांनी पायाने पेटी परत बाकाखाली ढकलली. तिला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. मग त्यांनी एका घमेल्यात गेरू घेतला, पातळ खळीत कालवला आणि बसायची जागा तेवढी सोडून तो लाल लेप सगळ्या सायकलला फासला. सांगाडा, हँडल, चेनचं झाकण, सीटची मागची कड, काही सोडलं नाही.

समोरचा चहावाला कप विसळता विसळता बघत होता. "वस्ताद, सायकल रंगवताय का तुळशीचं वृंदावन?" त्याने विचारलं.

वस्तादांनी ब्रश धुतला. "वाळलं की न्या," ते शेवंताला म्हणाले. "धुवायची नाही, पुसायची नाही. पुढच्या बाजाराला घेऊन या."

शेवंताने सायकलकडे पाहिलं, मग आपल्या लुगड्याकडे. "आणि माझं लुगडं लाल झालं तर?"

"केरबा धुईल," वस्ताद म्हणाले.

ती हसली आणि सायकल घेऊन गेली. केरबाला मात्र हसू आलं नाही. ना गिअर, ना कॅरिअर, ना स्टँड. अंगाला चुलीचा रंग. या उघड्यावाघड्या सायकलीवर एका बाईच्या घराची भाकरी टांगली होती, आणि वस्ताद शांतपणे अडकित्ता काढून सुपारी कातरत होते.

"वस्ताद, ब्रेक लावलेत, दिवा लावलात. मग बाकीच्याचं काय वाकडं होतं?"

"जिवाला राखणारं आधी लावावं. त्याची परीक्षा घेऊ नये," ते म्हणाले. आणि पुन्हा सुपारी कातरू लागले.

दिवस जाऊ लागले. केरबाच्या हातून पाना निसटू लागला. एसटी घाटातून उतरून आली की तो बाहेर येऊन उभा राही, सायकल मोडून शेवंता उतारूंमध्ये परतली की काय ते पाही, आणि दिसली नाही की त्यानेही घाबरे. अखेर एका पहाटे त्याला राहवलं नाही. अंधारातच तो निघाला आणि चढाच्या तोंडाशी एका वडाखाली जाऊन उभा राहिला.

थोड्या वेळाने दिवा आला. सपाटीवरून झपझप आला, त्याच्यासमोरून गेला आणि चढाला लागला. जरा वर गेला आणि थांबला.

चेन उतरली? पाय घसरला? धावत जावं तर वस्तादांना न विचारता आलेला, आणि न जावं तर बाई अंधारात एकटी. तेवढ्यात दिवा पुन्हा हलला. पण किती हळू! मुंगीच्या पावलाने तो वळणाआड गेला.

केरबा दुकानात परतला तेव्हा वस्ताद झाडलोट करत होते. त्याने सगळं सांगितलं. म्हणाला, तिला चढवत नाही, मी डोळ्यांनी पाहिलं, आज उशीर झाला असणार, कदाचित काम गेलंही असेल, आता तरी मला गिअर बसवू द्या.

वस्तादांनी केरसुणी भिंतीला टेकवली. "दिवा थांबला म्हणतोस. मग?"

"मग हळूहळू चालू लागला."

"चालू लागला ना?"

"हो, पण फार हळू—"

"चालू लागला," वस्ताद म्हणाले आणि पुन्हा केरसुणी उचलली.

त्या दिवशी केरबाला आपल्या गुरूचा प्रथमच राग आला. म्हातारपणी माणसाचं मन दगडासारखं होतं की काय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

बाजाराचा दिवस उजाडला. भाजीवाल्यांची पालं लागली, दुपार झाली, पालं उतरू लागली, तरी शेवंताचा पत्ता नव्हता. केरबा रस्त्याकडे बघून बघून थकला. ऊन कलल्यावर ती आली. चेहरा दमलेला, तळहात लालभडक, लुगड्याचा एक काठ गेरूने माखलेला.

केरबा पाणी द्यायचंही विसरला. "अक्का, चूल?"

"पेटते की रोज," शेवंता म्हणाली. "आज बाजारात मीठमिरची घ्यायची होती, म्हणून उशीर." आणि तिने लुगड्याचा काठ त्याच्यापुढे धरला. "हे तेवढं कधी धुताय?"

वस्तादांनी सायकल उन्हात उभी केली. "वाच," ते केरबाला म्हणाले.

केरबा पुढे झाला. हँडलच्या मुठींवरचा गेरू गेला होता, तो जायचाच. पण उजवी मूठ डावीपेक्षा कितीतरी जास्त उघडी पडली होती. डाव्या अंगाला सांगाड्याचा गेरू जवळजवळ होता तसाच होता. उजवीकडे मात्र चेनचं झाकण घासलेल्या ताटासारखं लखलखत होतं. त्यावरून नुसता पाय फिरून एवढं निघत नाही. रोजच्या रोज लुगडं घासलं असलं पाहिजे. आणि सीटची मागची कड. तिथला गेरू तर गेला होताच, पण खालचं चामडंही तेलकट, गुळगुळीत झालं होतं.

तो सायकलच्या उजव्या बाजूला गेला. उजवा हात त्याने हँडलच्या मुठीवर ठेवला. डावा हात आपोआप सीटच्या मागच्या कडेवर पडला, नेमका त्या गुळगुळीत जागी. तो डाव्या पायाने जरा लंगडून चालून पाहू लागला. अंगाचा भार त्या हातावर आला आणि सायकलने तो झेलला.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "चढ तुम्ही चालत जाता."

शेवंताने मान खाली घातली. "चढाला मी उतरतेच. सायकल मारायचं बळ पायात नाही, पण हिच्यावर हात टाकला की चालायला होतं. काठी घेऊन मला कधी एवढं भरभर चालता आलं नाही." मग ती वस्तादांकडे वळली. "तुम्हांला पहिल्या दिवशीच सांगणार होते. लाज वाटली. सायकल मागायला आले आणि म्हणू कशी, की अर्धी वाट चालणारच आहे? तुम्ही म्हणाला असता, मग सायकल हवी कशाला."

केरबा त्या मागच्या कडेकडे बघत राहिला. याच जागेला लागून त्याचं कॅरिअर बसणार होतं. त्यावर ती टोपली उभी राहणार होती. हात टेकायला बोटभर जागा उरली नसती. एवढ्या रात्री जागून, एवढं भंगार उपसून, त्याने तिची काठीच काढून घेतली असती. वर तो जड गिअर तिला चढावर ढकलत न्यावा लागला असता.

वस्ताद बाकावर बसले. मग बोलले.

"बाईंची मापं मी घेतली, पण बसलेल्या बाईंची घेतली. माणूस सगळं तोंडाने सांगत नाही, केरबा. काही सांगायला लाजतो. काही त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. आपली चाल आपल्याला कुठे दिसते? म्हणून गेरू. तो विचारत नाही, नुसता राहतो आणि हात लागेल तिथून निघून जातो. तुझी पेटी वाईट नव्हती. पण तुला जिथे जिथे भीती वाटली, तिथे तिथे तू लोखंड आणलंस. ती भीती तुझी होती. ती बाईंनी का वाहून न्यावी?"

त्यांनी कमरेची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. "आता उघड पेटी. काय लागतं ते तुला कळेल."

पेटीतून केरबाने तेवढं स्टँड काढलं, तेही हलकं व्हावं म्हणून एकच पाय ठेवून बसवलं. बाकीचं होतं तिथेच राहू दिलं. मग तो घरी गेला. परसात एक फुटकं जातं पडून होतं. त्याचा खुंटा त्याच्या आईच्या हाताने झिजून काचेसारखा झाला होता. त्याने तो आणला, लोखंडी पट्टीने सीटच्या मागे पक्का आवळला आणि उजव्या अंगाला जरासा कलता ठेवला.

शेवंताने त्यावर डावा हात ठेवला. खाली न पाहताच म्हणाली, "हा तर जात्याचा." आणि हात तसाच राहू दिला.

मग सायकल धुतली. हिरवा रंग चढला. लुगड्याचा काठ केरबाने खरोखरच धुऊन द्यायची तयारी दाखवली, तेव्हा चहावाल्यालाही हसू आवरलं नाही.

महिना भरला त्या पहाटे केरबा पुन्हा वडाखाली जाऊन उभा राहिला. दिवा सपाटीवरून आला, चढाला लागला आणि थांबला. सवयीने त्याने एक पाऊल पुढे टाकलं, मग मागे घेतलं. त्याने डावा हात वडाच्या बुंध्याला टेकवला आणि वाट पाहिली. दिवा हळूहळू वळणाआड गेला. फटफटलं तेव्हा घाटमाथ्यावर, शाळेच्या बाजूला, धुराची एक रेघ सरळ वर चढताना दिसली.

तो दुकानात आला. वस्ताद झाडलोट करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दिवा थांबला?"

"थांबला."

"मग?"

"मग चालू लागला," केरबा म्हणाला, आणि त्या दिवशी यायच्या गिऱ्हाइकासाठी त्याने गेरू भिजत घातला.