चिंधीबाईंचे पाय

बादल्यासुद्धा बोलायच्या त्या काळात एका गच्चीवर टोमॅटो राहायचा. घर त्याचं दुमजली. वरच्या बादलीत माती, खालच्या बादलीत पाणी आणि मधल्या भोकातून पाण्यात लोंबणारी जुन्या बनियनची चिंधी.

पहिली फळं लगडली आणि टोमॅटोचा तोरा वाढला. "चिंधीबाई, मी इथे उन्हात राबतोय आणि तुम्ही दिवसभर पाण्यात पाय सोडून बसता! काही कामधाम आहे की नाही?"

"खरंच की," म्हणत चिंधीने पाय वर ओढून घेतले.

तिसऱ्या दुपारी टोमॅटोची मान कलली. खाली बादलीभर पाणी होतं, पण ते वर आणणारं कुणी नव्हतं.

"चिंधीबाई," तो हळूच म्हणाला, "पाय अवघडले असतील ना तुमचे? सोडा की जरा पाण्यात."