टिकलीची गादी मिटली

एक होती टिकली. कपाळावरची नव्हे रे, मासोळी! नारिंगी अंग, पांढरे पट्टे, शेपटी एवढीश्शी.

टिकली राहायची काचेच्या पेटीत. पेटीत खारं पाणी. पेटी होती माईची. माई मूळची हर्णैची, समुद्राकाठची. आता राहायची अकोल्यात. अकोल्यात समुद्र कुठला? म्हणून माईनं तो घरातच आणला!

टिकलीची गादी म्हणजे एक समुद्रफूल. मऊ मऊ, लुसलुशीत. एका सकाळी टिकली खाऊ खाऊन आली. बघते तर काय? फूल मिटलेलं! गच्च! चॉकलेट असलं की तुझी मूठ मिटते ना, तस्सं.

संध्याकाळी पेटीतला दिवा जातो. मग टिकली निजणार कुठं? खडकावर? अंग खरचटेल ना!

"फुलाताई, फुलाताई, उमल ना!"

"मी नाही उमलणार. पाणी फार खारट झालंय. आग होते!"

टिकली पाण्याला म्हणाली,
"पाणीदादा, पाणीदादा,
फूल उमलेना,
मी निजू कुठं?"

"मी नाही खारटपणा सोडणार. तात्या गोडं पाणी ओतत नाहीत."

तात्या म्हणजे माईचे यजमान. पेपर वाचता वाचता घोरणारे. टिकली गेली काचेकडे. सुळुक सुळुक. टुक टुक!
"तात्या, तात्या,
पाणी खारटपणा सोडेना,
फूल उमलेना,
मी निजू कुठं?"

"मी नाही ओतणार. किती ओतू? काचेवर माईनं रेघ काढलीय, पाणी तिथवर हवं. पण शेवाळात रेघच दिसत नाही!"

शेवाळ कोण खातं? गोगलगाय. टिकली गेली तिच्याकडे. सुळुक सुळुक.
"गोगलगायबाई, गोगलगायबाई,
तात्या पाणी ओतेनात,
पाणी खारटपणा सोडेना,
फूल उमलेना,
मी निजू कुठं?"

"मी नाही शेवाळ खाणार," आतूनच आवाज आला. "खेकडा दारात बसलाय. माझं घर घेईल!"

खेकडा राहायचा शंखात. पण खेकडा वाढला, शंख वाढला नाही. अर्धा आत, अर्धा बाहेर! हसू नकोस, तुझंही पोट मागच्या दिवाळीच्या सदऱ्यातून डोकावतं.

"खेकडेभाऊ, खेकडेभाऊ,
गोगलगाय शेवाळ खाईना,
तात्या पाणी ओतेनात,
पाणी खारटपणा सोडेना,
फूल उमलेना,
मी निजू कुठं?"

"मी नाही हलणार. मला मोठा शंख हवा. माईच्या कपाटात आहे तो!"

टिकली पुन्हा काचेकडे. सुळुक सुळुक. टुक टुक! वाचणाऱ्या माणसा, आता दम घे.
"माई, माई,
खेकडा हलेना,
गोगलगाय शेवाळ खाईना,
तात्या पाणी ओतेनात,
पाणी खारटपणा सोडेना,
फूल उमलेना,
मी निजू कुठं?"

माईनं कपाटातून शंख काढला. कानाला लावला. घुऽऽऽ.

"मी नाही शंख देणार, टिकले. मी तुझ्याएवढी होते, तेव्हा बाबांनी किनाऱ्यावर वेचून दिला. माझं हर्णै आहे यात. रोज ऐकते मी."

टिकली रडू लागली. माई पेटीवर वाकली. टिकलीनं शेपटी आपटली. चुबुक! एक थेंब उडाला, थेट माईच्या ओठावर.

"अगंबाई! हर्णैचं पाणी एवढं खारट नव्हतं! पेटीतलं हर्णै आजारी, आणि मी शंखातलं ऐकत बसलेय होय!"

माईनं शंख उकळला. साबण? छे! साबणाचा थेंबही नाही. शंख गार केला, पेटीत सोडला. बुडुक!

खेकडा हलला. खुडुक खुडुक. नव्या घरात शिरला. केवढी ऐसपैस खोली!

गोगलगाय बाहेर आली. शेवाळ खाल्लं. चट् चट् चट्.

लाल रेघ दिसली. पाणी केवढं खाली!

तात्या धावत आले. हातात काय? मिठाची पुडी!

"अहो, अहो! आमटी आहे का ती?" माई ओरडली. "पाणी उडून गेलं, मीठ कुठं उडतं? ते आतच आहे. गोडं पाणी ओता. नळाचं नको, फिल्टरचं. आणि हळू!"

तात्यांनी पुडी पाठीमागे लपवली. पाणी ओतलं. टप. टप. थांबले. पुन्हा टप. टप. पार संध्याकाळपर्यंत.

पाण्यानं खारटपणा सोडला.

फूल उमललं. एक पाकळी, दोन पाकळ्या, सगळ्या!

दिवा जायला आला होता. टिकली आत शिरली. सुळुक! मऊ मऊ गादी.

माई मात्र रिकामे हात घेऊन बसली. आता समुद्र कुठं ऐकू?

"माई," टिकली गादीतून म्हणाली, "काचेला कान लाव ना."

माईनं कान लावला. आत पंप फिरत होता. घुऽऽऽ.

माई हसली. तात्यांनीही कान लावला, आणि तिथंच घोरू लागले. घुर्रर्र!

गोष्ट शिरली शंखात, तू शीर पांघरुणात. कान लाव उशीला. घुऽऽऽ.