कोठावळ्याचं जेवण

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या गाडीवाटेवर आता मोठाली झाडं उभी आहेत. मुलांनो, ऐका. आणि मुलांच्या आईबापांनो, तुम्ही तर नीटच ऐका.

एक राज्य होतं. त्याचं अर्धं अंग समुद्राकाठी आणि अर्धं डोंगरावर. मीठ खाली पिकायचं, वर पिकायचं नाही. बैलगाड्या मीठ भरून घाट चढायच्या, वरच्या पेठेतल्या सरकारी कोठीत गोणी उतरवायच्या आणि परत खाली यायच्या. पिढ्यान्‌पिढ्या असं चाललं होतं.

एका वर्षी गाड्या येईनाशा झाल्या. नेमके कैऱ्यांचे दिवस. घरोघरी फोडी चिरून ठेवलेल्या आणि लोणच्याला मीठ नाही. फोडी काळ्या पडल्या. गुरं भिंती चाटू लागली. शेवटी वरच्या पेठेचा म्हातारा पाटील राजापुढे येऊन उभा राहिला.

"महाराज, स्पष्ट बोलतो. पलीकडचा राजा मीठ द्यायला तयार आहे. येत्या पौर्णिमेपर्यंत तुमचं मीठ आलं नाही, तर आम्ही त्याचे. रागावू नका. नुसत्या मुजऱ्यावर भात खाली उतरत नाही."

 अर्धं राज्य हातचं जायची वेळ! राजाने तातडीने कोठीच्या कारभाऱ्याला, म्हणजे कोठावळ्याला, बोलावलं. गृहस्थ पोटाने भरलेला आणि बोलण्यात गोड.

"काय करणार महाराज, गाडीवानच उरले नाहीत," कोठावळा म्हणाला. "हल्लीच्या माणसांना कष्ट नकोत. सगळ्या मुलखात गाडीवानांचा दुष्काळ पडलाय."

राजाने विश्वास ठेवला. दवंडी पिटली, की जो नवा गाडीवान होईल त्याला लाल पागोटं आणि पुरणपोळीचं जेवण. तरुण पोरं धावत आली. पागोटी बांधली, पोळ्या हाणल्या, घाट चढली. एक-दोन खेपा केल्या आणि पागोटं कोठीसमोरच्या झाडावर टांगून घरी निघून गेली. झाड असं लाल झालं, की लांबून बघणाऱ्याला वाटावं पळस फुलला.

राजा स्वतः वरच्या पेठेत आला आणि ते झाड बघत उभा राहिला. त्याच्या मनात आलं, दुष्काळ असता तर इतकी पागोटी आली कुठून?

त्याने घोडा थेट घाटाच्या पायथ्याला, गाडीवानांच्या वाडीत नेला. कोठावळ्यालाही सोबत घेतलं. बघतो तो काय, दारोदारी गाड्या उपड्या पडलेल्या आणि त्यांच्याखाली कोंबड्या अंडी घालतायत. गाडीवान सगळे घरीच. कुणी दोर वळत होता, कुणी चुन्याची भट्टी लावत होता, कुणी दुसऱ्याचं शेत नांगरत होता.

"माणसं तर इथेच आहेत!" राजा म्हणाला.

"नाहीत असं कोण म्हणालं?" एका ओट्यावरून आवाज आला. ती धुरपा होती, गेनू गाडीवानाची बायको. वाडीत तिच्या तोंडाला तोंड देणारं कुणी नव्हतं.

कोठावळा पुढे सरला. "बघितलंत महाराज? धडधाकट माणसं घरात बसलीयत. आळशी!"

"आळशी?" धुरपा ओट्यावरून खाली उतरली. "ह्या वाडीत एक आळशी माणूस दाखवा कोठावळे, मी जन्मभर तुमची गाडी ओढीन. तुम्ही आत बसणार असाल तर जरा जास्त बैल लागतील, तेवढं सांगून ठेवते."

वाडी हसली. राजालाही हसू आलं, पण त्याने ते मिशीत दडवलं. "बाई, भाडं कमी पडतं का? दीडपट देतो."

"कशाच्या दीडपट, महाराज? भाडं मिळतं ते वाटेचं. घाट चढायला लागतो एक दिवस आणि कोठीच्या दारात उभं राहायला लागतात चार-पाच. त्या उभं राहण्याचं काय मिळतं? काही नाही. काही नाहीच्या दीडपट किती होतात, ते तुमच्या कोठावळ्यांना विचारा."

"इतके दिवस का उभं राहता?"

आता गेनू बोलला. तो बोलायचा कमी. "कोठीला तीन दारं आहेत, महाराज. उघडं असतं एकच. हमाल दोनच. दुपारी कोठावळे जेवतात, मग वामकुक्षी. तोवर रांग तिथल्या तिथे. आणि रांगेत जू उतरवायचं नाही, असा कोठीचा नियम. ज्याने बैल सोडले त्याची पाळी गेली, त्याने शेवटी जाऊन उभं राहायचं. भरली गाडी मानेवर घेऊन बैल उन्हात उभे. माझ्या पवळ्याचा खांदा सुजून फुटला. तिथंच रांगेत बसला, तो उठला नाही."

एवढं बोलून तो पुन्हा दोर वळू लागला.

राजा कोठावळ्याकडे वळला. "हमाल दोनच का?"

"खर्च वाचतो, महाराज."

"आणि गाड्या उभ्या राहतात त्याचं?"

"त्याला कुठे काही खर्च येतो?" कोठावळा चटकन बोलून गेला, आणि मग त्याने जीभ चावली.

 राजा धुरपाकडे वळून म्हणाला, "बाई, पौर्णिमा तोंडावर आलीय. मीठ वर गेलं नाही तर अर्धं राज्य जाईल. काय केलं तर गाड्या जुंपाल?"

"तीन गोष्टी," धुरपा म्हणाली. "चालण्याला जे भाडं तेच उभं राहण्याला. रांगेत बैल सोडले तरी पाळी जायची नाही. आणि तिसरी, जोवर दारात एकही भरली गाडी उभी आहे, तोवर कोठावळ्यांनी जेवायचं नाही."

"हे काय भलतंच!" कोठावळा ओरडला. "माझ्या जेवणाचा आणि मिठाचा काय संबंध?"

"आमच्या उपाशी राहण्याचा होता, तेव्हा तुम्हाला बरा चालला."

राजाने तिथंच शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या कोंबड्या हाकलल्या गेल्या आणि गाड्या सुलट्या झाल्या. सगळी वाडी मीठ भरून घाट चढली. कोठीशी आल्यावर गाडीवानांनी सावलीत बैल सोडले आणि भाकऱ्या सोडल्या. आत कोठावळ्याच्या ताटातला भात निवत होता, आणि ताटाशेजारी राजाचा शिपाई उभा होता.

कोठावळ्याने एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा रांगेकडे. मग तिन्ही दारं धडाधड उघडली. पेठेतून हमाल बोलावले. तरी रांग सरेना, तेव्हा त्याने स्वतः उपरणं कमरेला बांधलं आणि गोण खांद्यावर घेतली. जन्मात पहिल्यांदा! ऊन उतरायच्या आत कोठी भरली आणि दार मोकळं झालं.

पौर्णिमेच्या आधीच वरच्या पेठेत घरोघरी लोणची मुरत पडली. पाटील पलीकडच्या राजाकडे गेला नाही.

महिन्याभरात घरी गेलेली पोरं आपणहून परत आली. ना दवंडी, ना पुरणपोळी. एक दिवस कोठावळा हात जोडून राजापुढे आला. पोट बरंच आत गेलेलं.

"महाराज, काहीतरी करा. गाडीवान इतके झालेत, की आता खाली मिठाचा दुष्काळ पडायची वेळ आलीय."

ह्यातून घ्यायचं ते एवढंच: कामाला माणूस मिळत नाही अशी ओरड कानावर आली, की त्या कामावर माणसाला कसं वागवतात ते आधी जाऊन बघावं.