आज अकरा नंबर फुटणार

“पण चाचा, दोन घरट्यांना एकच नंबर मिळेलच कसा?”

उघडा लॅपटॉप छातीशी धरून ऋजुता वाळूतून तरातरा निघाली होती. सूर्य नुकता वर आलेला.

याकूबचाचा पंचवीस वर्षं कासवांची अंडी राखत आले. किनाऱ्यावर जाळीचं कुंपण. आत अंडी पुरलेले खड्डे, प्रत्येकावर टोपली आणि नंबराची पाटी. आजवर सगळी नोंद त्यांच्या डोक्यात. या हंगामापासून ती पुण्याच्या ऋजुताच्या फाईलमध्ये, एका घरट्याला एक ओळ, ओळीत अंडी पुरल्याची तारीख.

“माझा पायथनमधला प्रोग्राम एक ओळ वाचतो, तिचं एक ऑब्जेक्ट करतो, म्हणजे त्या घरट्याची नोंद. क्लासमधली, म्हणजे ऑब्जेक्टच्या साच्यातली, मोजणी दर वेळी एकानं पुढे सरकते, तोच नंबर. पाट्याही त्यावरूनच रंगवल्या. चुकायला जागाच नाही!”

“नाही?”

“नाही म्हणजे नाही! रोज सकाळी फाईल पहिल्यापासून वाचून घेते. हे बघा, आज अकरा नंबर फुटणार! नेमकं सांगितलं तर पुढची राखण माझी, तुम्हीच म्हणाला होतात.”

चाचा तिच्या मागोमाग कुंपणात शिरले.

तिनं लॅपटॉप खाली ठेवला, अकराची टोपली बाजूला केली, गुडघे टेकले, बोटं वाळूत घातली. तोच मनगट धरलं गेलं. घट्ट.

“काल फाईलला काय केलंस, बाय?”

“काल? काही नाही. सात नंबरचं घरटं कोल्ह्यानं खाल्लं ना, ती ओळ काढून टाकली. रिकाम्या खड्ड्याची ओळ कशाला ठेवा...”

तिची नजर लॅपटॉपकडे गेली.

चाचांनी नुसती हनुवटी हलवली. शेजारी, बारा नंबरच्या टोपलीखाली वाळू खदखदत होती. एक काळं नाक वर आलं. मग दुसरं. मग...

“अगं आई गं! आठचं सात झालं... बाराचं अकरा!”

अकराला अजून दहा दिवस होते. दहा दिवस कच्ची अंडी तिनं उकरून काढली असती. वाळूतला हात तिनं हळूच, श्वास रोखून बाहेर घेतला.

“एकही नंबर दोनदा नव्हता हो, चाचा.”

“नव्हताच. आणि सहाच्या पुढं एकही ज्याचा त्याला नव्हता.”

ऋजुता गोरीमोरी झाली. मग एकदम तिचे डोळे चमकले. “नंबर ओळीतच लिहिते! अंडी पुरली त्या दिवशी, एकदाच. पायथननं तो वाचायचा, मोजायचा नाही. सातही राहील, खाल्लेला असला तरी!”

चाचांनी मनगट सोडलं. “उचल ती बाराची टोपली.”

तिनं उचलली आणि शंभरावर पिल्लं उधळली! वल्ह्यांसारखे पाय मारत, एकमेकांवर चढत, सगळी समुद्राकडे. ऋजुता हसत, ओरडत त्यांच्या कडेनं पळत सुटली.

“चाचा, यांचीही ऑब्जेक्ट करू? एकेकाला नंबर देऊ?”

“दे की. आधी एकाला थांबवून दाखव.”