आठ खिळे

उंबरगड नावाच्या एका लहानशा संस्थानात हत्तीण होती एक आणि तिची उस्तवार करणारी माणसं होती चार. हत्तिणीचं नाव शेवंती. चौघांचा म्होरक्या सटवाजी माहूत. शेवंती पिल्लू म्हणून आली तेव्हा सटवाजीला मिसरूडही फुटलं नव्हतं. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि तिच्या कानांच्या कडा फाटल्या होत्या. सटवाजीला बायको नव्हती, पोरंबाळं नव्हती. जे काय होतं ते ती.

खरं सांगायचं तर हत्तीखान्याचा कारभार म्हणजे नुसता सावळागोंधळ होता. कुणी केव्हाही यावं, हाताला लागेल ते करावं. एकदा दोघांनी मिळून शेवंतीला दोनदा अंघोळ घातली आणि वैरण घालायची दोघंही विसरले. दसऱ्याला तर कहर झाला. महाराज सीमोल्लंघनाला निघाले, वाजंत्री सुरू झाली, आणि शेवंती कुठे? नदीत डुंबत पडलेली! तिची झूल परटाकडे! महाराज साऱ्या गावादेखत उन्हात ताटकळले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवा कारभारी बोलावला.

त्याचं नाव विसाजीपंत. मोठ्या शहरात राहून कारभार शिकलेला, हुशार माणूस. वाईट नव्हता हो, हे आधीच सांगून ठेवतो. पहाटे उठायचा, कुणाकडून सुपारीचं खांडही घ्यायचा नाही, कुणावर ओरडायचा नाही. तो वाईट असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

पंतांनी चौघांना समोर बसवलं. म्हणाले, "हत्तिणीसाठी दिवसभरात काय काय करता ते सांगा. एकही काम सोडू नका." चौघांनी डोकं खाजवत सांगितलं, पंतांनी लिहून घेतलं. वैरण घालणं, पाणी भरणं, अंघोळ, लीद काढणं, ओटा झाडून उरलेली वैरण उचलणं, झूल आणि घंटा घासणं, साखळी सोडणं-बांधणं. कामं भरली सात. पंतांनी माणसंही सात केली. हत्तीखान्याच्या भिंतीवर सात खिळे ठोकले, प्रत्येकाच्या हातात एकेक पितळी बिल्ला दिला. आपलं काम झालं की आपला बिल्ला आपल्या खिळ्यावर लावायचा. संध्याकाळी पंत भिंतीकडे एक नजर टाकणार. सातही खिळे भरलेले असले की हत्तिणीचा दिवस नीट गेला. आणि एक नियम केला. दुसऱ्याच्या कामात कुणी हात घालायचा नाही.

"का जी?" सटवाजीने विचारलं.

"हात घातला की चूक कुणाची ते कळत नाही. आणि चूकच कळली नाही तर सुधारायचं काय?"

बोलणं बिनतोड होतं. सटवाजीलाही पटलं. त्याच्या वाटणीला साखळी आली. सकाळी सोडायची, संध्याकाळी बांधायची.

पण एक गोष्ट सांगायची राहून गेली. सटवाजी रोज सकाळी एक भाकरी गुळाच्या पाण्यात बुडवायचा, कनवटीला बांधून आणायचा आणि आपल्या हाताने शेवंतीच्या तोंडात थेट दाढेपर्यंत सारायचा. तो घास पोटात गेला की मगच ती वैरणीला सोंड लावायची. घासाच्या निमित्ताने त्याचा हात तिच्या तोंडात फिरायचा. कुठली दाढ हलते, कुठली हिरडी सुजली, ते त्याच्या बोटांना सगळ्यांच्या आधी कळायचं. हे त्याने पंतांपासून लपवलं, असं नाही. ते काम आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं! पोराला जवळ घेऊन भरवतो, ते कुणी काम म्हणून लिहून देतं का? त्यामुळे ते पंतांच्या कागदावर आलं नाही, आणि कागदावर नाही म्हणून भिंतीवर त्याचा खिळा नाही. वैरणीचं काम आता धोंडूचं होतं. सटवाजीने भाकरी आणणं बंद केलं. शेवंतीने दोन दिवस तोंड फिरवलं, तिसऱ्या दिवशी मुकाट खाऊ लागली.

पुढचं सगळं इतकं छान चाललं की विचारू नका. वैरण वेळेवर, पाणी वेळेवर, घंटा सोन्यासारख्या लखलखीत. पुढच्या दसऱ्याला शेवंती घटकाभर आधीच वाड्यापुढे हजर. महाराजांनी भर दरबारात पंतांना शेला दिला. सटवाजीलाही दोन वेळा गरम जेवण मिळू लागलं. बरं वाटलं त्याला, खोटं कशाला बोला?

मग पौष आला. एका संध्याकाळी सटवाजी शेवंतीच्या पायाला साखळी बांधत होता, तर साखळी सैल. त्याने एक कडी आत घेतली, बिल्ला लावला, घरी गेला. आठ दिवसांनी पुन्हा सैल. पुन्हा एक कडी आत. तिसऱ्यांदा साखळी सैल झाली तेव्हा त्याचा हात थबकला. साखळी वाढत नसते. मग पाय बारीक होतोय! 

दुसऱ्या दिवशी त्याने पहाटेच धोंडूला गाठलं. "धोंडू, नीट खाते का रं ती?"

"खाते म्हंजे? सकाळी येतो तवा ओटा लख्ख असतो. काडी ठेवत न्हाई."

संध्याकाळी त्याने भागाबाईला विचारलं. ओटा झाडायचं काम तिचं. "भागाबाई, उरतं का काही?"

"उरतं म्हंजे? रोज गाडा भरून उचलते मी! कंबर मोडली माझी. हा धोंडू मेला घालतो तरी किती!"

सटवाजी म्हणाला, "अगं, मग तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत न्हाई का?"

"तो येतो पहाटे, मी येते दिवेलागणीला. बोलणार कवा? आन् वैरण काय माझं काम हाय?"

हे असं होतं बघा. एकजण घालत होता, एकजण उचलत होती, दोघांचेही बिल्ले रोज खिळ्यावर होते, आणि मधल्या मधे शेवंती उपाशी होती.

सटवाजी पंतांकडे धावला. पंतांनी ऐकून घेतलं. टाळलं नाही, हसले नाहीत. कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "व्यवस्थेत फट राहिली खरी. बुजवायला हवी."

दुसऱ्या दिवशी भिंतीवर आठवा खिळा आला. पाहणीचा. वाड्यातला एक माणूस रोज सकाळी येऊन हत्तिणीला पाहून जाणार. तो आला. दारात उभा राहिला. लिदीच्या वासाने नाकाला उपरणं लावलं, शेवंती चार पायांवर उभी आहे हे पाहिलं, बिल्ला लावला आणि गेला. रोज येऊ लागला, रोज पाहू लागला. एक दिवस चुकला नाही पठ्ठ्या.

साखळी आणखी एक कडी आत गेली.

वद्य षष्ठीच्या सकाळी मात्र सटवाजीला राहवलं नाही. त्याने भाकरी गुळात बुडवली, कनवटीला बांधली आणि नियम मोडला. शेवंतीने त्याच्या कनवटीचा वास घेतला आणि त्याचा हात आत जावा म्हणून आपण होऊन तोंड उघडलं. आत हात घालताच त्याला चटका बसला. डावीकडची दाढ मुळापासून हलत होती, हिरडी फुगली होती, आणि घाण तर अशी की नाक धरावं. भाकरीचा घास तिने तोंडात धरला, चावायला गेली, आणि कळवळून टाकून दिला.

तो तसाच, हातही न धुता पंतांसमोर उभा राहिला. "पंत, सापडलं! दाढ सडलीय. आजच्या आज वैद्याला बोलवा."

पंतांनी त्याच्या हाताकडे पाहिलं. "तू वैरणीच्या कामात हात घातलास?"

"घातला जी. पर दाढ..."

"वैद्याचा दिवस अमावास्येचा. नऊ दिवस आहेत. लिहून ठेवतो."

"नऊ दिवस? ती महिना झाला उपाशी हाय!"

"सटवाजी, आज तुझ्यासाठी नियम मोडला की उद्या प्रत्येकजण मोडेल. मग पुन्हा नदीत हत्तीण आणि परटाकडे झूल. तेच हवंय का?" पंतांचा आवाज चढला नव्हता. "या खेपेला सोडतो. पुन्हा तिच्या तोंडाशी दिसलास तर हत्तीखान्याची पायरी चढायची नाही."

 साखळीमुळे का होईना, सटवाजीचा दिवसातून दोनदा तिच्या पायाला हात लागत होता. तोही गेला तर? त्याने मान खाली घातली. स्वतःची समजूत घातली की नऊच तर दिवस, काढील ती. कसली काढते!

पाचव्या दिवशी महाराज स्वतः हत्तीखान्यात आले. बरोबर पाहुणे होते, त्यांना नवी व्यवस्था दाखवायची होती. शेवंतीवर नवी कोरी झूल चढवलेली. झुलीखाली बरगड्या कुणाला दिसणार? महाराजांनी भिंतीवरचे खिळे कौतुकाने दाखवले. मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या सटवाजीकडे त्यांचं लक्ष गेलं.

"काय सटवाजी! तू तर तिला पिल्लू असल्यापासून ओळखतोस. कशी आहे आमची शेवंती?"

मंडळी, एवढा एकच प्रश्न, आणि तो नेमका ज्याला ठाऊक होतं त्यालाच विचारलेला! एक वाक्य बोलायचं होतं. महाराज निर्दयी नव्हते, घोडा दौडवून दुपारपर्यंत वैद्य आणवला असता. सटवाजीने शेवंतीकडे पाहिलं. तिने सोंड लांब केली आणि त्याची कनवटी चाचपली. कनवटीला काही नव्हतं.  त्याने पंतांकडे पाहिलं. पंत शांत उभे होते. मग त्याला ती पायरी आठवली.

"आठही खिळे भरलेत, सरकार," तो म्हणाला.

"शाब्बास!" महाराज म्हणाले आणि पाहुण्यांना घेऊन निघून गेले.

आठव्या दिवशी सकाळी शेवंती बसली ती उठली नाही. दुपारी गेली. सटवाजी तिच्या कानाशी बसून होता.

नवव्या दिवशी, अमावास्येला, वैद्य अगदी वेळेवर आला. त्याने तिचं तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाला, "एक दाढ! एका दाढेपायी गेली? आठवडाभर आधी बोलावलं असतं तर उपटून टाकली असती. चार दिवसांत ऊस खायला लागली असती."

पंतांनी डोळे पुसले. खरेच पुसले, नाटक नव्हतं ते. मग चूक कुणाची ते शोधायला ते भिंतीपाशी गेले. शेवंती गेली त्या दिवशीचे बिल्ले तसेच होते. वैरण घातली होती. पाणी भरलं होतं. ओटा झाडला होता. पाहणीही झाली होती. आणि संध्याकाळी मेलेल्या पायाला साखळी बांधून सटवाजीने आपलाही बिल्ला लावला होता. आठही खिळे भरलेले. पंत बराच वेळ उभे राहिले, पण चूक त्यांना भिंतीवर कुठे सापडेना.

वैरण थांबवा, असं मात्र कुणी म्हणालं नाही. ते सांगायचं काम कुणाचंच नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे धोंडूने रिकाम्या ओट्यावर वैरण घातली आणि दिवेलागणीला भागाबाईने उचलली. तिसऱ्या दिवशीही तसंच झालं. पुढे आसपासच्या संस्थानांचे कारभारी ही व्यवस्था पाहायला येऊ लागले. भिंत पाहायचे, खिळे मोजायचे, माना डोलवायचे, कागदावर नकला उतरवून न्यायचे. हत्तीण कुठे आहे, असं त्यांच्यातल्या एकानेही विचारलं नाही.

महिना सरला त्या दिवशी सटवाजीने एक भाकरी गुळाच्या पाण्यात बुडवली, कनवटीला बांधून आणली आणि ओट्यावर शेवंती उभी राहायची त्या जागी ठेवली. दिवसभर तो तिथेच बसून राहिला. त्याला कुणी हटकलं नाही, कारण आता नियम मोडायला तिथे तोंडच नव्हतं. दिवेलागणीला भागाबाई आली, वैरणीबरोबर ती भाकरीही उचलून घेऊन गेली आणि जाताना तिने आपला बिल्ला लावला. सटवाजी उठला. त्याने रिकामी साखळी खुंट्याला बांधली आणि स्वतःचा बिल्ला लावला.

तात्पर्य: कामं झाली का एवढंच जिथे विचारतात, आणि ज्याच्यासाठी ती करायची तो कसा आहे हे बघत नाहीत, तिथे कामं सगळी चोख होतात आणि तो मरतो, आणि ज्याला हे ठाऊक असतं तो विचारल्यावरही गप्प बसला, तर त्याने खिळ्यांना दोष देऊ नये.