गॅसच्या शेगडीची साक्ष

घरातल्या वस्तू एकमेकींशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. कुमुदकाकूंच्या स्वयंपाकघरात हवा मोजणारी एक डबी आली. स्वयंपाक गॅसवर चालू ठेवावा की विजेवर न्यावा, हे तिच्या नोंदींवरून ठरणार होतं. या पाहुण्या डबीला आपल्या घरची हवा वाईट दिसू नये, म्हणून काकूंनी कबुतरांमुळे कायम बंद असणारी खिडकी उघडली आणि फोडण्या शेजारी जाऊन घातल्या.

संध्याकाळी त्यांनी नातीसाठी, ओवीसाठी, गॅसवर दूध ठेवलं आणि त्या बाहेर गेल्या.

"इथली हवा छानच आहे," डबी म्हणाली. "काही बदलायला नको."

शेगडीला हे पटलं नाही. ती पेटली की ओवीचा दमा उसळतो, हे तिला रोज दिसत होतं.

"खिडकीबाई, रोजच्यासारख्या मिटून घ्या."

"मग तुझं काय होईल, कळतंय ना?"

"कळतंय. मिटा."

खिडकी लागली. हळूहळू डबीचा हिरवा दिवा लाल झाला. "अगं, मी हे नोंदवलं तर तुझ्या जागी विजेची शेगडी येईल."

शेगडीने भांड्याखालची ज्योत सावरली.

"नोंदव," ती म्हणाली. "मला एवढं दूध तापवू दे. पोरगी भुकेली आहे."