चाळीस घोडे आणि एक घडा तेल

फार पूर्वी सुवर्णगिरी नगरात अरिंदम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील विद्यापीठाचा कुलपती होता. त्याचे नाव भद्रसाल. त्या विद्यापीठात शास्त्रांबरोबर खेळही शिकवीत. रथ, कुस्ती, धनुर्विद्या, चेंडू आणि पोहणे अशी पाच पथके होती आणि प्रत्येकाचा एक आचार्य होता.

लागोपाठ दोन वर्षे दुष्काळ पडला. राजाने निरोप धाडला, "तुमच्या धान्यातली शंभर पोती कमी होतील. कोणते पथक बंद करायचे ते पौर्णिमेपर्यंत ठरवा. नाही ठरले, तर पाचही मैदानांना मी कुलूप लावीन."

बोधिसत्त्वाने पाचही आचार्यांना बोलावले. सात दिवस सभा चालली. सात दिवस बोलणारा प्रत्येक जण एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत सांगत होता, की काटकसर फार आवश्यक आहे आणि ती शेजाऱ्याने करावी. कुस्तीचा आचार्य उग्रक म्हणाला, "माझे मल्ल आधीच अर्धपोटी आहेत. हा बघा, दंड कसा सुकलाय!" दंड मांडीएवढा होता. धनुर्विद्येचा वसुमित्र पूर्वजांपासून सुरुवात करी आणि दुपारच्या जेवणापर्यंत आजोबांशी पोहोचे. बोधिसत्त्वाचे कपाळ ठणकू लागले.

आठव्या दिवशी, पौर्णिमेला, काठ्या टाकायचे ठरले. तिथली रीत अशी होती, की प्रत्येक पथकाचा एक रंग असे. जे पथक बंद व्हावे असे वाटेल, त्याच्या रंगाची काठी आचार्याने मडक्यात टाकायची. मडके उपडे केले, तर चार काठ्या निघाल्या. चारही निळ्या. निळा रंग पोहणाऱ्यांचा.

पोहण्याचा आचार्य जोतिक नाविकाच्या घरचा, सभेत कधी न बोलणारा. त्याची काठी अजून त्याच्या मुठीतच होती.

"टाक की रे," उग्रक म्हणाला.

"मला कोणाचीच टाकवत नाही, दादा," जोतिक खाली बघत म्हणाला.

"छान झाले, ठरले एकदाचे!" रथांचा आचार्य चंडकेतू उठून उभा राहिला. तो राजाचा मेहुणा होता. "चला, जेवायला."

"बसा," बोधिसत्त्व म्हणाला. त्याने कोठाऱ्याला विचारले, "पोहणाऱ्यांना कोठारातून काय जाते?"

"अंगाला लावायला महिन्याला एक घडा तेल, आचार्य."

"आणि धान्य?"

"नदीला कसले धान्य?"

मग वसुमित्र म्हणाला, "हरकत नाही, आणखी एक पथक बंद करू. पण पोहणारे तर गेलेच ना?"

पुन्हा काठ्या पडल्या. या खेपेला चेंडूवाले निघाले. कोठारी म्हणाला, "त्यांना चिंध्या लागतात. त्या आम्ही नाहीतरी फेकूनच देतो."

बोधिसत्त्वाने डोळे मिटले. शंभर पोती कुठे जातात हे त्या दालनात सगळ्यांना ठाऊक होते. तबेल्यात चाळीस घोडे हरभरा खात होते. पण रथांच्या शर्यती पाहायला राजा येई, आणि राजासमोर बसायला सगळ्यांना आवडे. माणसे एवढी हुशार, पाचपाच शास्त्रे तोंडपाठ, आणि चाळीस घोडे कोणाला दिसत नाहीत! त्याला वाटले, मडके उचलून खिडकीबाहेर फेकावे.

तेवढ्यात उपरण्यात खोचलेली त्याची स्वतःची काठी बरगडीला टोचली. कुलपतीला एक पांढरी काठी असे. ती पडली की बाकीच्या सगळ्या काठ्या रद्द होत. पण ती फक्त एकाच पथकावर टाकता येई, जे त्याने स्वतः उभे केले असेल त्यावर. रथांचे पथक त्यानेच उभे केले होते. पंचवीस वर्षांपूर्वी दोन लंगड्या घोड्यांवर. आज तिथली पांढरी घोडी धवला त्याच्या पावलांच्या आवाजाने मान वर करी.

आठ दिवस तो या चौघांवर चिडत होता, आणि आपले लाडके पथक वाचवत बसलेला पाचवा तो स्वतःच होता.

त्याने काठी काढून मडक्यात टाकली. "रथ बंद."

"आचार्य, रथांमुळे आपले नाव आहे!" चंडकेतू ओरडला. "मी महाराजांना सांगेन!"

"सांगा. मी तोवर घोडे सोडतो."

चाळीसही घोड्यांचे लगाम त्याने आपल्या हातांनी उतरवले. ज्या गावांच्या विहिरी आटल्या होत्या, त्यांना पाणी वाहायला ते दिले. धवलेचा लगाम उतरवायला त्याला सर्वांत जास्त वेळ लागला.

राजा रागावला आणि त्याने बोधिसत्त्वाचे पद काढून घेतले. बोधिसत्त्व नव्या विद्यार्थ्यांना व्याकरण शिकवू लागला. पोहणारे नदीवर जातच राहिले. आणि घोडे गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी उग्रक आणि वसुमित्र रिकामा तबेला कोणाचा यावरून भांडू लागले.

पावसाच्या पाण्याला वाट करून द्यायला कोणाची कुटी मोडायची यावरून तीन दिवस वाद घालणाऱ्या भिक्षूंना शास्त्यांनी, म्हणजे त्यांच्या गुरूंनी, ही कथा सांगितली आणि म्हटले, "भिक्षूंनो, त्या वेळचे उग्रक आणि वसुमित्र म्हणजे तुमच्यातले सर्वांत मोठ्याने बोलणारे दोघे. चंडकेतू म्हणजे ज्याची कुटी सर्वांत मोठी, तो. जोतिक म्हणजे दाराशी बसलेला तो भिक्षू, ज्याला तुम्ही अजून काही विचारलेलेच नाही. आणि कुलपती भद्रसाल मीच होतो."

या कथेतला गुण समदृष्टी. जे माप दुसऱ्याला लावायचे, ते आधी आपल्या लाडक्या गोष्टीला लावणे.